जिन्याखालचं दार

"पाहुण्यांसमोर ठेवायचंय. घर हुबेहूब दिसलं पाहिजे," नवऱ्याने बजावलं. एरवी माझ्या पुठ्ठ्या-मण्यांच्या कामाला तो रिकामटेकडे उद्योग म्हणायचा. मी खोक्यात आमचं सगळं घर उभं केलं. काड्यापेट्यांचा सोफा, त्याच्याच जुन्या टायचे पडदे, आइस्क्रीमच्या काड्यांचा जिना.

पाहुणे जमले. त्याच्या ऑफिसातल्या मोठ्या मॅडम खोक्यात वाकून बघत होत्या. "जिन्याखालच्या दाराला कडी बाहेरून कशी?"

"तिथं अडगळ असते," नवरा घाईने म्हणाला.

मॅडमनी नखाने टाचणीची कडी सरकवली. आत स्टुलावर कापसाच्या केसांचा एक म्हातारा बसला होता.

"हे कोण?"

"माझे सासरे. यांनीच हुबेहूब करायला सांगितलं होतं," मी नवऱ्याकडे बोट दाखवत म्हणाले. "खरं दार तुमच्या पाठीमागेच आहे."