पुनरुत्थानाचा झगा

प्रभू येईल तेव्हा कबरीतून उठणारी लेक काय घालणार, म्हणून शिंपीणबाई दरवर्षी पांढरा झगा शिवायची. लेक लहानपणीच गेलेली; तिकडेही पोर वाढतच असणार, हा आईचा हिशेब. माप शेजारणीच्या मुलीचं. दोघी एकाच वयाच्या. नवरा टोमणा मारायचा, “प्रभूला घाई नाही, कापडाला मात्र दरवर्षी कात्री.” ती म्हणे, “तो त्याच्या वेळेला येईल. आपण तयार असावं.” यंदा शेजारणीची मुलगी स्वतःच्या लग्नाच्या पोशाखाचं माप द्यायला आली. माप झाल्यावर हसून म्हणाली, “काकू, तिचा झगा द्या, घालून दाखवते.” पडद्याआडून आली, तर झगा चपखल बसला होता. खुर्चीतला नवरा लेकीचं लाडाचं नाव घेत, हात पसरून उठला. शिंपीणबाईच्याही ओठांवर तेच आलं होतं. ते गिळून तिने त्याला अडवलं. “अहो, बसा. प्रभू अजून आलेला नाही.”