पुढची चाकं

चाकाच्या मध्यावरचं टोपण निघालं, आणि आत काहीच नव्हतं.

तिथे शाफ्टचं दातेरी टोक दिसायला हवं होतं. इंजिनाची ओढ पुढच्या चाकापर्यंत पोचवते ती ही जाड पोलादी कांब. त्याने बॅटरी मारून पाहिलं, बोट घालून पाहिलं, शेवटी झाडूची काठी आत सारली. काठी हातभर आत गेली तरी कशाला लागेना. मग त्याने पलीकडच्या चाकाचं टोपण खोललं. तिथेही तोच प्रकार.

“काय इंजिनिअरसाहेब, अडलं का घोडं?” बाबांनी पायरीवरून विचारलं.

तो विमा कंपनीत कारकून होता. व्हिडिओ बघून बघून त्याने शेडमध्ये घरच्या जुन्या ट्रकचा पुढचा ॲक्सल खोलायला घेतला, तेव्हापासून ही पदवी त्याला घरबसल्या मिळाली होती.

आई खाली बसून रॉकेलच्या ट्रेमध्ये बेअरिंगं धूत होती. सकाळपासून तिचं तोंड फुगलेलं होतं, आणि त्याला कारणही तसंच होतं. ट्रक तयार झाला की स्वतः चालवत एकदा वरच्या खाणीपर्यंत न्यायचा, असं तिच्या मनात होतं. याने ते हसण्यावारी नेलं. “या वयात? स्टिअरिंग तरी फिरेल का तुझ्याने? तू शेजारी बस, मी नेतो.” ती नुसतं “बरं” म्हणाली होती. त्या “बरं”चा अर्थ घरात सगळ्यांना ठाऊक होता.

डोंगरावरच्या त्या खाणीत बाबा फोरमन होते. तिथेच एका पावसाळ्यात त्यांचं अपेंडिक्स फुटलं. रस्ता दरडीखाली गेलेला. आईने त्यांना मागे गादीवर निजवलं, चार वर्षांच्या पोराला, म्हणजे याला, पुढे आपल्या शेजारी बसवलं, आणि ओढ्याच्या पात्रातून, गुडघाभर चिखलातून ट्रक खाली इस्पितळापर्यंत आणला. घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ही गोष्ट ऐकावीच लागे. बाबा ती तिखटमीठ लावून सांगत. शेवट मात्र ठरलेला असे. “चारही चाकं ओढणारी गाडी होती, म्हणून वाचलो!” मग ते बॉनेटवर कौतुकाने थाप मारत. आई तेवढ्यात पाणी आणायला उठे.

“बाबा, शाफ्ट गायब आहेत,” तो हात पुसत म्हणाला. “दोन्ही. कुठल्यातरी गॅरेजवाल्याने आपल्याला चांगलंच गंडवलंय.”

बाबा पायरीवरून उठून ॲक्सलपाशी आले.

“कुणी गंडवलं नाही,” बाबा हळूच म्हणाले. “मीच काढले होते. जॉइंट तुटला होता. नवे आणेपर्यंत गाडी मागच्या चाकांवर चालेल म्हटलं, आणि टोपणं लावून टाकली. मग आज आणू, उद्या आणू करत राहूनच गेलं.”

“कधीची गोष्ट?”

“त्या पावसाळ्याच्या आधीची.”

त्याच्या हातातला पाना खाली आला. त्याने उघड्या ॲक्सलकडे पाहिलं. म्हणजे त्या दिवशी पुढची चाकं नुसती घरंगळत होती. निसरड्या गोट्यांवरून, ओढ्याचा काठ चढून, एवढं मोठं धूड एकट्या मागच्या चाकांनी रेटलं होतं. खाणीतल्या कसलेल्या ड्रायव्हरांनीही त्या वाटेला नको म्हटलं होतं.

“मागे पडल्या पडल्या मला तो आवाज आला,” बाबा सांगत होते. “चारही चाकं जोडायचा लीव्हर हिने ओढला, त्याचा. त्या लीव्हरला पुढे काही जोडलेलंच नाही, हे मला माहीत. पण सांगितलं असतं तर तिथेच हिचा धीर सुटला असता. दात आवळून गप्प राहिलो. बरा झाल्यावर सांगायची लाज वाटली, मग गाडीचीच तारीफ करत बसलो.” त्यांनी आईकडे बोट केलं. “गाडीने नाही रे आणलं आपल्याला. हिने आणलं.”

तो आईसमोर उकिडवा बसला. तिचे हात रॉकेलने पांढरे पडून सुरकुतले होते. मनगटं किती बारीक होती. हे हात त्याने जन्मापासून पाहिले होते, आणि आज त्यांच्याकडे नीट बघायचीही छाती होईना.

“आई, माझं चुकलं,” तो म्हणाला. “नवे शाफ्ट बसले की गाडी तूच न्यायची.”

आईने धुतलेलं बेअरिंग फडक्यावर ठेवलं आणि आधी बाबांचा समाचार घेतला.

“म्हणे धीर सुटला असता! अहो, काढलेले शाफ्ट तुम्ही मागच्या दारात टाकून दिले होते. दार वाऱ्याने आपटायचं, म्हणून त्यातलाच एक मी दाराला लावून ठेवायचे. त्या दिवशी तुम्हाला काखेत धरून त्याच दारातून बाहेर काढलं मी. शाफ्ट पायाने बाजूला सारून.”

बाबांनी कपाळावर हात मारला.

“म्हणजे निघतानाच तुला माहीत होतं?” त्याने विचारलं. “मग तो लीव्हर कशाला ओढलास?”

आईने ट्रेमधून दुसरं बेअरिंग उचललं.

“तू सारखा विचारत होतास ना, आपण पोचू का म्हणून.”