पांगऱ्याचं बक्षीस

त्र्याऐंशीच्या वनमहोत्सवात रूपराव गुरुजींनी शाळेभोवती कडुलिंबाची रोपं लावली. बकऱ्या तोंड घालू लागल्या, म्हणून सहावीतल्या कोकिळेनं बापाच्या शेताच्या धुऱ्यावरच्या पांगऱ्याच्या काटेरी फांद्या तोडून आणल्या आणि रोपांभोवती रोवल्या.

"झाड वाचवाले झाड तोडलं? अक्कल आहे का तुले?" म्हणत गुरुजींनी तिला दिवसभर उन्हात उभं केलं.

पाणी घालायला मग कोणी फिरकलंच नाही. कडुलिंब दिवाळीआधीच वाळले. रोवलेल्या फांद्यांनी मात्र मूळ धरलं आणि त्यांना पालवी फुटली.

पुढच्या वर्षी वर्ध्याहून साहेब तपासणीला आले. कडुलिंब कोणता अन् पांगरा कोणता, याच्याशी त्यांना घेणंदेणं नव्हतं. हिरवं दिसलं, काम झालं. गुरुजींना जिल्ह्याचं वृक्षप्रेमी शिक्षकाचं बक्षीस मिळालं.

सत्काराच्या दिवशी फोटोसाठी सगळी पोरं पांगऱ्यांपुढे गोळा झाली. रिबिनी बांधून आलेली कोकिळा पहिल्या रांगेत जाऊन उभी राहिली.

गुरुजींनी गळ्यातला हार नीट केला.



"तू बाजूले सरक वं, कोकिळे. झाडं तोडणाऱ्या पोरीले या फोटोत जागा नाई."