भरतीसेनाचा तिसरा खंड

"तिसऱ्या खंडात भरतीसेन घरी यायला हवा," अण्णा लिमये म्हणाले. "दोन खंड वाचक त्याची वाट बघतोय, दामाजी. आता निराश करू नका त्याला."

दामाजी यंत्रातून पडणाऱ्या कागदांकडे बघत राहिला. डोंबिवलीच्या त्या छापखान्यात यंत्राचा आवाज एवढा असायचा की गप्प राहणं खपून जायचं.

अण्णांनीच त्याच्या 'पाताळखाडी' या कादंबरीचे पहिले दोन खंड काढले होते. ती छापायला दुसरं कुणी तयार नव्हतं. खाडीच्या तळाशी राज्य, उलट्या तरंगणाऱ्या होड्या, दिवे लावणारे मासे. मोठ्या माणसांनी हे कशासाठी वाचायचं, असं एका प्रकाशकानं तोंडावर विचारलेलं. अण्णांनी विचारलं नाही.

दामाजी खोपटच्या एसटी डेपोत कारकून होता आणि ठाण्याच्या कोळीवाड्यात राहायचा. लिहायला त्यानं उशिरा सुरुवात केली, चौऱ्याऐंशी साली, मुलगा गेल्यावर. चंदू कल्याणला कॉलेजात होता. एका सकाळी घरातून निघाला तो परत आला नाही. दामाजी पोलीस चौक्या फिरला. शेवटी एका संध्याकाळी घरी येऊन बायकोला, मनुबाईला म्हणाला, "काही पत्ता नाही. पण येईल. पोरं जातात, येतात."

मनुबाई स्टोव्हपुढे बसलेली. तिनं नुसती मान हलवली.

त्यानंतर दामाजीचं खाणंपिणं सुटलं. डेपोतून यायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचा. मग एके दिवशी तो कागद घेऊन बसला आणि त्यानं एक पान लिहिलं. राजपुत्र भरतीसेन खाडीत उतरतो आणि तळाशी त्याला एक नगर दिसतं. मनुबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून त्यानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं.

"मग?" तिनं विचारलं. "पुढं काय झालं?"

"अजून सुचलं नाही. उद्या लिहितो."

"लिहा. आधी दोन घास खाऊन घ्या."

तो जेवला. तेव्हापासून रोज संध्याकाळी ती "पुढं?" म्हणायची आणि दामाजीला दुसऱ्या दिवशी लिहावंच लागायचं.

पहिला खंड आला तेव्हा एका रविवारच्या पुरवणीत चार ओळी छापून आल्या. त्यात 'मुलांसाठी बरी' असं म्हटलं होतं. वाचनालयांनी तो बालवाङ्मयाच्या कपाटात ठेवला. ज्या मुलांनी उघडला त्यांना तो फार दुःखी वाटला. दुसऱ्या खंडात भरतीसेन स्वतःचं नाव विसरतो. त्या खंडाचे गठ्ठे छापखान्याच्या माळ्यावर पडून राहिले आणि त्यांना वाळवी लागली. तरी काही वाचक अण्णांकडे येऊन विचारायचे, राजपुत्र घरी कधी येणार?

घरातही कुणीतरी विचारलंच. मनुबाईचा भाऊ धाकू एका दुपारी आला आणि जरा वेळानं म्हणाला, "दामाजीभाऊ, इतकी वर्षं झाली. पोराचे दिवस घालून टाका. बहिणीचं मन तरी मोकळं होईल."

"जिवंत पोराचे दिवस घालू?" दामाजी म्हणाला. आतल्या खोलीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला. "चंदू येणार आहे."

धाकू चप्पल घालून निघून गेला. आतून मनुबाई आली ती चहा घेऊन. "आज लिहायला बसला नाहीत?" एवढंच तिनं विचारलं.

तिसरा खंड मात्र पुढे सरकेना. दामाजी भरतीसेनाला काठापर्यंत आणायचा, घराच्या दारापर्यंत आणायचा. आई दार उघडायची आणि तिथं त्याचा हात थांबायचा. दारात उभ्या असलेल्या मुलाचा चेहरा त्याला लिहिता येत नव्हता. तो पानं फाडायचा आणि नवं काहीतरी मध्ये घालायचा, कधी खेकड्यांचं युद्ध, कधी काठावरच्या तिवराच्या झाडांचं बंड. मनुबाई तेही ऐकून घ्यायची. "पुढं?" म्हणायची. डेपोत त्याच्या हातून चुका व्हायला लागल्या. केस पांढरे झाले. आपण हे पुस्तक संपवलं तर ही बाई मरेल आणि नाही संपवलं तर आपण मरू, असं त्याला वाटायला लागलं.

अखेर त्यानं शेवट लिहिला. ओहोटीच्या वेळी आई काठावर जाते, एकदा हाक मारते आणि घरी परत येते. भरतीसेन येत नाही.

तो भाग त्यानं मनुबाईला वाचून दाखवला नाही. सरळ डोंबिवलीला नेऊन दिला.

अण्णांनी वाचून चष्मा काढला. "वाचक शिव्या देतील."

"देऊ देत."

"आणि वहिनी? त्यांना काय सांगणार?"

दामाजीनं पिशवी उचलली आणि तो जायला निघाला. अण्णांनी पुस्तक छापलं, पण प्रकाशन समारंभ केला नाही. कुणी आलंही नसतं.

त्र्याण्णवच्या हिवाळ्यात दामाजी पहिली प्रत घेऊन घरी आला. दिवेलागणीला मनुबाई रोजच्यासारखी समोर येऊन बसली. तो वाचत गेला. शेवटचं पान त्यानं हळू वाचलं आणि पुस्तक मिटलं.

"नाही आला तो?" मनुबाईनं विचारलं.

"नाही." त्यानं तिच्याकडे बघितलं नाही. "मी खूप खटपट केली, मनू. मला त्याला आणता आलं नाही."

ती आता कोसळेल म्हणून तो वाट बघत राहिला. मग तिनं हात पुढे करून त्याच्या पाठीवर ठेवला.

"सुटलात एकदाचे," ती म्हणाली. "विठ्ठलवाडीच्या स्मशानात तुम्ही एकट्यानं चंदूला अग्नी दिलात ना, तेव्हा मी फाटकाबाहेर उभी होते."