खालच्या मजल्यावरची खोली

"आबा, टाका पाऊल. जागा मोकळी आहे, अडखळणार नाही तुम्ही," मयूरी म्हणाली.

जोतीराम आबांनी डोळ्यांवरचा जाडजूड हेडसेट एका हातानं धरला, दुसरा हात पुढं केला आणि अजून न बांधलेल्या बंगल्यात शिरले. फेटा काढून त्यांनी बायकोच्या मांडीवर ठेवला होता. तानुबाई खुर्चीच्या कडेवर बसून बघत होत्या. त्यांना दिसत होता तो सांगलीतल्या एका ऑफिसच्या रिकाम्या फरशीवर चाचपडत फिरणारा नवरा.

आबांना काय दिसतंय ते मयूरी कॉम्प्युटरवर बघत होती. आर्किटेक्टच्या नकाशावरून अख्खं घर उभं करून माणसाला त्यात फिरवून आणायचं, हे तिचं काम. बंगला विट्याजवळ होणार होता. बांधणारा यांचा मुलगा विश्वजित, कोइमतूरला सोनं गाळायच्या धंद्यात. 'आईवडिलांनाही एकदा दाखवा,' एवढंच त्यानं कळवलं होतं.

लोक इथं आले की हरखतात. झुंबर बघतात, जिना बघतात. आबांनी झुंबराकडं मानही वर केली नाही. ते एकेक दार उघडत सुटले.

"हितं काय?"

"विश्वजितदादांचं ऑफिस."

"आन् ह्यात?"

"देवघर."

"ह्या जिन्याखाली काय हाय?"

"सामान ठेवायची जागा."

आबा वाकले, आत डोकावले. "खाट बसंल का ह्यात?"

मयूरी गडबडली. "नाही बसणार, आबा. वरून जिन्याचा उतार येतो."

"नक्की?"

"नक्की."

"मग खाली झोपायची खोली न्हाईच म्हण की."

"बेडरूम सगळ्या वर आहेत."

आबांनी हेडसेट काढला. कपाळाला घाम आला होता. "न्हाई म्हंत्यात," ते बायकोला म्हणाले. तानुबाईंनी गुडघा चोळला आणि पदर सारखा केला. दोघंही चहाला थांबले नाहीत.

मयूरी खिडकीतून बघत राहिली. तानुबाई ऑफिसच्या बाहेरच्या जिन्यावरून कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होत्या; दर पायरीवर दोन्ही पाय टेकवून. बंगल्याच्या वरच्या मजल्यावर जिम होती, सिनेमा बघायची खोली होती, पाहुण्यांची होती. या बाई तिथं कधीच चढणार नव्हत्या.

मयूरीचे वडील पुण्यात भावाकडं हॉलमधल्या सोफ्यावर झोपत. घरातलं कुणी उठायच्या आत पांघरुणाची घडी घालून ठेवत. त्याबद्दल ती भावाला आजवर एक शब्द बोलली नव्हती.

आठ दिवसांनी दोघं न बोलावता परत आले. दोघं मेंढपाळ; त्यांची मेंढरं तेव्हा पाटणकडं शेतात बसवली होती. तिथनं पहाटेची एसटी धरून, मेंढरं आबांच्या भावाच्या हवाली करून. "पुन्यांदा एकडाव बघतो," आबा म्हणाले. या वेळी ते घराच्या बाहेरूनही फिरले. गाड्यांच्या जागेत थांबले आणि पावलांनी मापायला लागले.

"हितं दोन गाड्या?"

"हो."

"एकच लावली तर?" आबांनी विचारलं, आणि लगेच स्वतःच मान हलवली. "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे. दोन लागत्यातच त्येला."

त्या दुपारी मयूरीचं कशातच लक्ष लागेना. शेवटी तिनं विश्वजितला फोन लावला.

"दादा, आईवडिलांसाठी खाली एखादी खोली..."

"आर्किटेक्ट म्हणाला बसत नाही." त्याचा आवाज एकदम बदलला. "त्यावर आमचं घरात बोलणं झालंय, मॅडम. तो विषय नको. आहे तेच दाखवा."

फोन बंद झाला. मयूरी उठली, बसली, पुन्हा उठली. मग तिनं आर्किटेक्टला विचारलं. "एक गाडी कमी केली तर बसते की," तो सहज म्हणाला, "पण गाड्या दोन हव्यात असं सांगितलं होतं."

तीन दिवस हातातली बाकी कामं बाजूला सारून ती खोली करत बसली. अकरा बाय दहा. दाराला उंबरा नाही. पूर्वेला मोठी खिडकी, शेजारी न्हाणीघर, त्यात भिंतीला धरायला दांडी. विश्वजित भडकेल, काम काढून घेईल, हे तिला कळत होतं. पण आईबापांच्या तोंडावर तो नाही कसं म्हणेल?

आराखड्याच्या मंजुरीच्या दिवशी विश्वजित स्वतः आला. दोघांना दारात उतरवून गाडी लावायला पुढं गेला. मयूरीनं ती संधी साधली. आबांच्या डोळ्यांवर हेडसेट चढवला आणि त्यांना सरळ नव्या दाराशी आणून उभं केलं.

आबा आत गेले. खिडकीपाशी गेले. जागच्या जागी थांबले.

"ही कुणाची?"

"तुमची, आबा. तुमची आणि मावशींची."

तानुबाई खुर्चीतून उठल्या. "न्हाई म्हणली हुतीस की गं!" एवढंच त्या बोलल्या आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या.

मयूरीचेही डोळे भरून आले. तिनं त्यांचा हात धरला. "रडू नका, मावशी. दादांशी मी बोलते. मी त्यांना नाही म्हणू देणार नाही."

जिन्यावर बुटांचा आवाज आला. आबांनी घाईघाईनं हेडसेट उपसला, दाराकडं एकदा बघितलं आणि मयूरीच्या अगदी जवळ आले.

"खाली खोली निघाली तर मेंढरं इकून ह्या बंगल्यात ऱ्हायला येतो, असा शब्द दिलाय मी पोराला," ते दबक्या आवाजात म्हणाले. "त्यो वर यायच्या आत पुसता येती का बघ की, बाई."