संपर्काचं बटण

दुपार कलली होती. आई वारल्यापासून ती घरूनच काम करायची. एका फर्निचरवाल्याची सहा भाषांतली वेबसाइट होती; कुठे भाषांतर घसरलंय ते शोधायचं आणि सुधारायचं. त्या सहांत मराठी नव्हतीच. तरी आज 'संपर्क'च्या बटणावर चक्क मराठीत आलं होतं: 'कडी घालू नकोस, मी आलेच.'

खाली दुकानात जाताना आई नेमकं हेच म्हणायची. लेक अजूनही दिवसा कडी घालत नसे. दार नुसतं लोटून ठेवी.

तिने ऑफिसातल्या मैत्रिणीला फोन लावला.

"मला तर सगळं ठीक दिसतंय बाई. तुझ्याकडे जुनी कॉपी अडकली असेल, कॅशे साफ कर. आणि जरा माणसांत ये गं, भुतासारखी एकटी बसून असतेस."

तिने कॅशे साफ केली. वाक्य गेलं. हायसं वाटायचं सोडून तिला भरून आलं. कुणीतरी येते म्हणत होतं, आणि तिने ते आपल्याच हाताने पुसलं होतं.

तिने पान पुन्हा उघडलं.

'आले गं. कडी घातली मी.'

तिने मान वळवली. दाराला आतून कडी घातलेली होती.