कपाळाचा डाग

जावयाने सकाळपासून तिसऱ्यांदा स्वयंपाकघराच्या खिडकीला कपाळ टेकवलं आणि तिसऱ्यांदा काचेवर तेलकट डाग उमटला. सासूबाई उठल्या. त्यांनी डाग पुसला आणि मेलेली पाल शेपटीला धरून टाकावी तसं फडकं चिमटीत धरून मोरीत टाकलं.

शिकलेला माणूस, वेधशाळेत हुद्द्यावर, पण वळण म्हणून नाही. तीन दिवस तोच सदरा. नखांत शाई. कपात बिस्किटाचा लगदा तसाच टाकून उठायचा. आणि आज तर येऊन थेट त्यांच्या माणसाची ट्रंक उपसायला बसला होता. माणूस जाऊन सहा वर्षं झाली होती. ती ट्रंक त्यांनी स्वतः कधी उघडली नव्हती.

या घरात बसायची तर माशीसुद्धा पाय पुसून बसते, असं गल्लीत म्हणत. खिडकीच्या काचा, सहा वर, सहा खाली, इतक्या लख्ख की नवा पाहुणा बाहेर हात काढायला जाई आणि बोटं आपटून घेई.

"एवढं काय हरवलंय?" त्यांनी विचारलं.

"फोटो, आई. बाबा वेधशाळेच्या कोठारावर होते, तेव्हाचा."

"मग कोठारात बघा."

"बघितलं." तो फरशीवरच बसला. "एक दगड आहे. डोंगराएवढा. आपल्यासारखाच सूर्याभोवती फिरतो आणि अधूनमधून आपली वाट ओलांडतो. एकोणीस वर्षांनी येईल तेव्हा शेजारून जाईल की डोक्यात बसेल, सांगता येत नाही. आम्हाला दिसून जेमतेम तीन आठवडे झाले. तेवढ्यावरून वाट ठरत नाही."

"म्हणजे उंबऱ्यातलं एक पाऊल बघून माणूस कुठल्या गावाला निघालाय ते सांगायचं."

"अगदी तसंच! तीस वर्षांपूर्वीचं दुसरं पाऊल मिळालं, तर छातीठोक सांगू. तेव्हा तो दगड इथून गेला होता आणि आपल्याकडे त्या आकाशाचे फोटो काढले होते. काचेवर काढत तेव्हा. डझनभराची पेटी. वहीत नोंद आहे, पेटी नाही. शेवटची सही बाबांची."

सासूबाईंचा चेहरा आवळला.

"चोर म्हणा ना सरळ. जीभ का चावता?"

"तसं नाही, आई—"

"ऑफिसातली टाचणी त्या माणसाने कधी घरी आणली नाही. फेकायचं भंगारसुद्धा साहेबाची सही घेतल्याशिवाय उचललं नाही. आणि तुम्ही त्यांचे कपडे फरशीवर पसरून बसलात!"

जावयाने पसरलेले कपडे गोळा केले. मग हळूच म्हणाला, "माझी लेक, आपली चिमी, तेव्हा चोवीस वर्षांची असेल."

सासूबाईंनी पदर खोचला.

दुपारपर्यंत त्यांनी घर पालथं घातलं. काळं आकाश आणि पांढऱ्या चांदण्या, दिनदर्शिकेवर असतं तसलं काहीतरी शोधायचं, हे त्यांनी मनाशी धरलं होतं. माळा झाला, गाद्यांखाली झालं, कपाटामागे झालं. तिथे एक वाळलेलं झुरळ निघालं. सासूबाईंनी तोंड फिरवलं. ट्रंकेच्या तळाशी फिल्मचा एक तुकडा मिळाला, लेकीच्या लग्नाचा. उजेडात धरला, तर जावयाचं तोंड कोळशासारखं आणि केस कापसासारखे पांढरे.

"हे खरं रूप," त्या म्हणाल्या.

जावई हसला नाही. पाय ओढत खिडकीशी गेला आणि चौथ्यांदा कपाळ टेकलं, या खेपेला दोन्ही तळव्यांसकट. त्याचे खांदे हलत होते. काचेवर घाम, शाई, श्वासाची वाफ.

सासूबाईंचा धीर सुटला. फडकं आपटत त्या पुढे झाल्या.

"पुरे झालं, जावईबापू! शिकून काय दिवे लावलेत? जिथे हात लावाल तिथे घाण! अहो, तुमच्याच वेधशाळेने भंगारात काढलेल्या या बारा काचा ह्यांनी साहेबाची सही घेऊन आणल्या, तेव्हा माश्या शिटल्यासारखे नुसते काळे ठिपकेच ठिपके होते एकेकीवर. दोन दिवस उकळत्या सोड्याच्या पाण्यात घातल्या, तो बुळबुळीत पापुद्रा या नखांनी खरवडून काढला, एक ठिपका म्हणून शिल्लक ठेवला नाही मी, आणि तुम्हाला साधं कपाळ आवरत नाही?"